अनुभव धागा: एमबीबीएसचं पहिलं वर्ष, जाण्याआधीची तयारी

गवतीचहा
आज समोरच्या गॅलरीत कोरा पांढरा एप्रन वाळत होता, घडीच्या मोडीसकट. सगळं आठवलं. यंदा ज्यांच्या घरून कुणी जातंय त्यांच्यासाठी लिहा. सुरुवात मी करते. एप्रन दोन, सुतीच. टेरिकॉट चुरगळत नाही, पण बायोकेमिस्ट्रीत बर्नरची धग लागली की वितळून कातडीला चिकटतं. डिसेक्शनचा (मृतदेह कापून शिकायच्या तासाचा) एप्रन वेगळा ठेवा.

दोनफुल्या
+१. आणि तो घरच्या कपड्यांबरोबर मशीनला लावू नका, फॉर्मलिनचा (मृतदेह टिकवायच्या रसायनाचा) वास जात नाही.

बोरूबहाद्दर
डिसेक्शन बॉक्स भरगच्च नको. ४ नंबरचं हँडल आणि २२-२३ ची पाती कातडीला, ३ नंबरचं हँडल आणि १०, ११, १५ ची पाती बारीक कामाला, एक दातांचा चिमटा, एक बिनदातांचा, एक बोथट कात्री, एक आर्टरी फोर्सेप्स (कात्रीसारखा, पकडून ठेवणारा चिमटा). बस्स. ३ च्या हँडलवर २२ चं पातं बसत नाही, दुकानातच बसवून बघा. पातं बोटांनी चढवायचं नाही, आर्टरी फोर्सेप्सने धरून खाचेत सरकवायचं. काढतानाही तसंच, हात कापतो तो बहुतेक तेव्हाच. नस शोधायला पातं वापरू नका, तीच आधी तुटते. बंद कात्री आत घालून हळूच उघडायची, चरबी आपोआप बाजूला होते.

चिंचगूळ
लेन्सवाल्यांनी डिसेक्शनला चष्मा लावा. डोळ्यांतून धारा लागतात नुसत्या.

खिडकीतला
मेसचं काय? मुलगा पोहे सोडून काही खात नाही.

गवतीचहा
मग काळजी नाही, पोहेच मिळतील :)

आडगाव
हाडांचा हाफ सेट (अर्ध्या सांगाड्याचा) सीनियरकडून घ्या. हाताची बारीक हाडं तारेत ओवलेली आहेत ना बघा, सुटी असली की एखादं हरवलेलं असतंच. कवटीचं स्टायलॉइड (खालचं सुईसारखं टोक) बहुधा मोडकंच मिळतं, त्यावरून भाव पाडा. कवटी डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलू नका, आतलं हाड कागदासारखं असतं. फीमर (मांडीचं हाड) हातात घेतल्यावर डोकं आत आणि वर, लिनिया अस्पेरा (खरखरीत उभी रेघ) मागे, म्हणजे बाजू चुकत नाही.

दोनफुल्या
आणि आजीला आधी सांगून ठेवा. हाडांची पिशवी देवघराच्या कोनाड्यात सापडली तर घर डोक्यावर घेतील.

रविवारदुपार
कागदपत्रं राहिली की! मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं. त्याआधी सगळं स्कॅन करा, झेरॉक्सचे ४-५ संच काढा. नीटचं स्कोअरकार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नॅशनॅलिटी, डोमिसाइल, फिटनेस. राखीव जागा असेल तर व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) वेगळी लागते, नुसता जातीचा दाखला चालत नाही. नॉन-क्रीमी लेअरवरची मुदत वाचा, शेवटच्या दिवशी तिथेच अडतं.

चिंचगूळ
स्टेथोची इअरपीस नाकाकडे वळलेली हवीत. डायफ्रॅमवर (छातीला टेकवायच्या पातळ पडद्यावर) टिचकी मारूनही आवाज नाही आला तर चेस्टपीस (तो पडदा बसवलेला गोल भाग) फिरवा, बिघडलेला नसतो.

खिडकीतला
पोह्यांवर शेंगदाणे असतात का पण?