मदत हवी आहे: विज्ञान आणि कला एकाच इमारतीत, यवतमाळकडच्या कॉलेजसाठी

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेजची नवी दुमजली इमारत होणार आहे आणि आराखड्याचं काम माझ्याकडे आलंय. संस्थेची इच्छा अशी की रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि चित्र-शिल्पाचे वर्ग शेजारी असावेत. मातीकाम शिकणाऱ्या पोरीला झिलईचं रसायनही त्याच दिवशी कळावं. मला ही कल्पना मनापासून आवडली आहे.

अडलंय ते उजेडापाशी. चित्रशाळेला उत्तरेचा उजेड, कारण त्या बाजूनं थेट ऊन येत नाही, असं आपण सगळेच शिकलो. पण यवतमाळ साधारण २०.४ अंश उत्तर अक्षांशावर. म्हणजे २१ मेच्या सुमारापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं तर त्याआधीपासूनच उत्तरेच्या खिडक्यांतून आत येतात. छज्जा पुरेल की उभ्या पट्ट्याही लागतील? उन्हाळ्यात इथं पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून मोठी काच लावायला मन धजत नाही. सेवाग्रामच्या बापू कुटीसारख्या जाड मातीच्या भिंती निदान चित्रशाळेला देता येतील का?

दुसरं, फ्यूम हूडची (प्रयोगशाळेतले विषारी वायू ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटाची) हवा छतावरून सोडली तरी वाऱ्यानं ती शेजारच्या वर्गात येऊ नये. मध्ये चौक ठेवला तर भागेल का?

जमीन काळी, फुगणारी आहे. पायासाठी अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले, जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) धरले आहेत. मातीकाम भाजायच्या भट्टीचा भार मात्र वेगळ्या पायावर घ्यावा का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.