शब्दचर्चा : ‘लफेव्र’ या फ्रेंच आडनावात ‘ब’ काय करतो?

प्रश्न

आंरी लफेव्र (१९०१–१९९१) या फ्रेंच विचारवंतावर मराठीत एक लेख करते आहे. ‘शहरावरचा हक्क’ ही कल्पना मांडणारे ते. लेख जमत आला, अडलंय ते आडनावाशी. मराठीत मी ते लेफेब्र, लेफेव्हर आणि लेफेब्व्रे असं तीन तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलंय. रोमन लिपीत ‘ब’चं अक्षर आहे आणि त्याला चिकटून ‘व’चं. फ्रेंच शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ब वाचायचाच नाही. मग तो तिथे बसलाय कशाला? आणि या आडनावाला काही अर्थ आहे का? फ्रेंचमध्ये तापाला ‘फिएव्र’ म्हणतात, तेव्हा कुणा पूर्वजाला हिवताप वगैरे झाला असावा, असा माझा अंदाज. हसू नका.

प्रतिसाद

हसत नाही, पण ताप नक्की नव्हे. फ्रेंचमध्ये ताप स्त्रीलिंगी आहे, ‘ला फिएव्र’. आडनावातलं ‘ल’ हे पुल्लिंगी उपपद. ज्याचं त्याचं लिंग तपासलं की असे निम्मे अंदाज तिथेच गळतात.

लफेव्र म्हणजे सरळ ‘लोहार’. जुन्या फ्रेंचमध्ये लोहाराला ‘फेव्र’ म्हणत. तो आला लॅटिन ‘फाबेर’वरून. फाबेर म्हणजे कठीण वस्तू घडवणारा कारागीर. पुढे अर्थ आवळत लोखंडापाशी थांबला. उत्तरेकडच्या फ्रेंचमध्ये लॅटिनच्या ‘आ’चा ‘ए’ झाला आणि ‘ब’चा ‘व’. ‘लाब्रा’चं ‘लेव्र’ (ओठ) झालं, ‘काप्रा’चं ‘शेव्र’ (शेळी), तसंच हे. आपल्या लोहकाराचा ‘क’ वाटेत कुठेतरी गळाला आणि लोहार उरला, कुंभकाराचा कुंभार झाला, तितकीच ही साधी झीज आहे.

आता तुमचा ‘ब’. बोलण्यातून तो केव्हाच गेला होता. मध्ययुगाच्या अखेरीस लॅटिन शिकलेल्या कारकुनांना वाटलं, शब्दाचं कूळ कागदावर दिसलं पाहिजे. म्हणून त्यांनी मेलेली अक्षरं परत आणून बसवली. बोटाला फ्रेंचमध्ये ‘द्वा’ म्हणतात, पण लिहिताना मधे ‘ग’ असतो, कारण लॅटिनमध्ये होता. आपल्याकडे कुणी ‘लोहकार’ लिहून ‘लोहार’ वाचायला लागलं तर कसं दिसेल, तसं. दुसरंही एक कारण होतं. त्या काळी ‘उ’ आणि ‘व’ यांना एकच अक्षर वापरत. आधी ‘ब’ ठेवला की पुढचं अक्षर स्वर नसून व्यंजन आहे, हे वाचणाऱ्याला कळावं. हेतू चांगला होता. पण काहींनी ‘ब’ही वाचला आणि पुढचं अक्षर ‘उ’ म्हणूनच वाचलं, आणि ‘लफेब्यूर’ असं वेगळंच आडनाव जन्माला आलं. तेही आज नांदतं आहे.

मूळ प्रश्नकर्ती

म्हणजे कारकुनाच्या हौसेपायी एक घराणं वाढलं! पण आज लोहाराला फ्रेंचमध्ये ‘फोर्जरों’ म्हणतात असं आम्हाला शिकवलंय. फेव्र कुठे गेला?

प्रतिसाद

बोलीभाषेतून गेला, आडनावात राहिला. ‘फोर्ज’ म्हणजे लोहाराची भट्टी-शाळा, त्यावरून फोर्जरों. गंमत अशी की फोर्ज आलंय लॅटिन ‘फाब्रिका’वरून, म्हणजे फाबेरच्या कामाच्या जागेवरून. जुन्या लोहाराला नव्याने हाकललं खरं, पण दोघे एकाच घरचे. फेव्र आजच्या भाषेत फक्त एका शब्दात तग धरून आहे : ‘ओर्फेव्र’. ओर म्हणजे सोनं, ओर्फेव्र म्हणजे सोनार. पॅरिसमध्ये सेन नदीकाठी सोनारांच्या नावाचा घाट आहे, त्याच्या ३६ क्रमांकाच्या इमारतीत तिथल्या गुन्हे शाखेचं कार्यालय कित्येक दशकं होतं. फ्रेंच रहस्यकथा वाचणाऱ्यांना पत्ता पाठ असेल.

आणि हा फाबेर तुमच्या गल्लीतही आहे. ग्रिल, जिने, लोखंडी फाटकं बनवणाऱ्या दुकानावर काय पाटी असते? ‘फॅब्रिकेशन वर्क्स’. तोच शब्द इंग्रजीमार्गे येऊन पुन्हा लोखंड जोडणाऱ्याच्याच दारावर लागला. ज्याला कापड म्हणतात ते ‘फॅब्रिक’ही याच कुळातलं.

प्रतिसाद

मी काही वर्षं लील शहरात होतो, नोकरीनिमित्त. बेल्जियमच्या सीमेजवळचं उत्तरेकडचं शहर. आमच्या इमारतीच्या टपालपेट्यांवर दोन लफेव्र होते, एक ‘ब’वाला आणि एक बिन‘ब’वाला, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पोस्टमन रोज गोंधळायचा. नंतर दक्षिणेत तुलूझला बदली झाली तर लफेव्र गायब आणि जिकडेतिकडे ‘फाब्र’ आणि ‘फोर’. सहकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, अरे ते सगळे लोहारच आहेत! तेव्हा विश्वास बसला नव्हता. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

सहकारी बरोबर होता. मला तर यातला खरा ऐवज इथेच वाटतो. ही सगळी नावं नकाशावर मांडली की फ्रान्सच्या जुन्या बोलींचा नकाशा उमटतो.

उत्तरेत, म्हणजे नॉर, पा-द-काले, सॉम, सेन-मारितीम या जिल्ह्यांत, लफेव्र. उत्तरेच्या बोलींनी उपपद आडनावातच चिकटवून टाकलं, ‘तो लोहार’ असं. पश्चिमेकडे सरकलात की त्याचंच ‘लफव्र’ होतं. पूर्वेला दू जिल्हा आणि आसपास, स्वित्झर्लंडला लागून, ‘फेव्र’, उपपदाशिवाय. सावुआ आणि फ्रेंच बोलणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये ‘फाव्र’, इथे ‘आ’ टिकला पण ‘ब’चा ‘व’ झाला. दक्षिणेत ऑक्सितान भाषेच्या मुलखात दोन फाटे फुटतात. आवेरों, एरो या भागात ‘फाब्र’, म्हणजे लॅटिन जवळजवळ जशीच्या तशी. द्रोम, आर्देशपासून पार पश्चिमेला दोर्दोन्यपर्यंत ‘फोर’. इथे ‘ब’ विरघळून ‘उ’ झाला, म्हणून लिहिताना ‘आउ’ आणि वाचताना ‘ओ’.

ब्रिटनीत तर भाषाच वेगळी, केल्टिक. तिथे लोहार म्हणजे ‘गोव’. ‘आर गोव’चं फ्रेंच कागदावर ‘ल गॉफ’ झालं. आल्सासमध्ये जर्मन बोली, म्हणून ‘श्मिट’. स्पेनच्या सीमेवरच्या कातालान मुलखात ‘फेरेर’. बास्क प्रदेशात ‘आरोस्तेगी’, म्हणजे लोहाराचं घर.

प्रसिद्ध माणसांवर हे पडताळून पाहता येतं. फ्रेंच राज्यक्रांतीचे इतिहासकार जॉर्ज लफेव्र १८७४ मध्ये लीलमध्येच जन्मले. कीटकांवर आयुष्यभर लिहिणारे जाँ-आंरी फाब्र १८२३ चे, आवेरोंमधल्या सें-लेओं गावचे. संगीतकार गाब्रिएल फोरे १८४५ चे, पिरेनीजच्या पायथ्याशी पामिए इथले. प्रत्येक जण आपापल्या चौकटीत. पण यावरून कुणाचं गाव ओळखायला जाऊ नका. तुमचे आंरी लफेव्र नाव उत्तरेचं घेऊन जन्मले पार नैर्ऋत्येला, लांद जिल्ह्यातल्या आझेतमो गावात. मध्ययुगाचे इतिहासकार झाक ल गॉफ यांचा जन्म भूमध्य समुद्राकाठच्या तूलों बंदरातला, वडील मात्र ब्रिटनीचे. आणि पॅरिसमध्ये तर सगळेच लोहार एका स्टेशनावर उतरलेत.

प्रतिसाद

एक शंका. गावात शेतकरी जास्त, लोहार एक. मग लोहाराची आडनावं इतकी का?

प्रतिसाद

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. पन्नास शेतकऱ्यांच्या गावात ‘पिएर शेतकरी’ म्हणून कोण ओळखू येणार? ‘पिएर लोहार’ मात्र एकच. एका गावात एकच असल्यामुळे नाव चिकटलं आणि प्रत्येक गावात असल्यामुळे देशभर झालं. इंग्रजांचे स्मिथ, हंगेरीचे कोवाच, अरबांचे हद्दाद, इटलीचे फेरारी, सगळे याच कारणाने भरमसाट आहेत.

आपल्या ‘लोहार’ आडनावाशी तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे मुलाने धंदा सोडला तरी नाव तेच राहिलं, आणि त्यावरून जात ठरत नाही. नेपोलियनच्या १८०४ मधल्या पहिल्या मार्शलांत एक फ्रांस्वा-जोझेफ लफेव्र होता. ‘मारेशाल’ हा शब्द मुळात जर्मानिक, अर्थ घोड्यांची चाकरी करणारा. आजही फ्रेंचमध्ये ‘मारेशाल-फेरां’ म्हणजे घोड्याला नाल मारणारा. म्हणजे ‘मार्शल लफेव्र’ हे मोठं लष्करी बिरुद शब्दशः वाचलं तर निघतं ‘नालबंद लोहार’! जन्म मात्र आल्सासमधल्या रुफाकचा, शेजारी सगळे श्मिट.

प्रतिसाद

गोव्याहून. आमच्याकडचं ‘फरेरा’ यातलंच का?

प्रतिसाद

नाही. अर्थ शेजारचा, मूळ वेगळं. फरेरा हे पोर्तुगीज, लॅटिन ‘फेर्रुम’ म्हणजे लोखंड त्यावरून. लोखंडाची खाण किंवा लोखंडकामाची जागा असा अर्थ. फाबेर हा माणूस, फेर्रुम हा धातू. कातालान फेरेर आणि इटलीचे फेरारीसुद्धा धातूच्या बाजूचे.

पण गोव्याचा दुसरा एक खरा धागा आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले. त्याआधी पॅरिसच्या सेंत-बार्ब कॉलेजात त्यांच्या खोलीत राहायचे पिएर फाव्र, पुढे त्याच खोलीत इग्नेशियस लोयोला आले. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाची सुरुवात त्या खोलीतून झाली म्हणायला हरकत नाही. हे फाव्र १५०६ चे, सावुआतल्या विलारे खेड्यातले, म्हणून नाव फाव्र. लॅटिन कागदांत ते ‘फाबेर’, फ्रेंच लिहिणाऱ्यांकडे ‘लफेव्र’ही. एकाच माणसाच्या तीन सह्या. २०१३ मध्ये त्यांना संतपद मिळालं. तेव्हाचं सावुआ फ्रान्समध्ये नव्हतंच, ते आलं १८६० मध्ये. ‘फ्रेंच आडनाव’ म्हणताना हेही डोक्यात असू द्यावं.

लॅटिन भाषांतराचं आणखी नामी उदाहरण म्हणजे बायबलचं फ्रेंच भाषांतर करणारे झाक लफेव्र देताप्ल. ते स्वतःला ‘फाबेर’ लिहीत. म्हणजे अर्थ काय, हे सोळाव्या शतकातल्या माणसालाही पक्कं माहीत होतं.

प्रतिसाद

फाव्र वरून आठवलं. आजोबांच्या मनगटावर ‘फेवर ल्युबा’ होतं! लग्नात मिळालेलं. तेच का हे?

प्रतिसाद

तेच. १७३७ मध्ये अब्राहाम फाव्र यांनी स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावी सुरू केलेलं घड्याळाचं घर. न्यूशातेल प्रांत, म्हणजे फाव्रच्या पट्ट्यातच. तुमच्या आजोबांच्या मनगटावर लोहार होता, आणि घड्याळही चालू असेल तर सांगा.

प्रतिसाद

बंद आहे. विकणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

एकूण किती आहेत हे लोक? आणि स्पेलिंगं इतकी का पसरली? कुणी आवरलं नाही?

प्रतिसाद

फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेने, इन्सेने, १८९१ ते १९९० या काळातल्या जन्मांवरून जिल्हावार आडनावांची यादी केली आहे, पंचवीस-पंचवीस वर्षांचे चार टप्पे पाडून. ‘ब’वालं लफेव्र देशात पहिल्या विसात येतं. पण ती यादी जपून वाचावी. ती जन्मांची आहे, आज हयात माणसांची नाही. प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजलंय, त्यामुळे लोहार पन्नास ओळींत विखुरलेत. शिवाय सगळं मोठ्या अक्षरांत, उच्चारचिन्हं गाळून, त्यामुळे ‘फोर’ आणि ‘फोरे’ एकाच पोत्यात.

आवरण्याचं म्हणाल तर, १५३९ च्या राजाज्ञेने पाद्र्यांना बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायला लावल्या. पाद्री कानाला येईल तसं लिहीत, दोन भावांची दोन स्पेलिंगं होत. क्रांतीनंतर १७९४ च्या कायद्याने ठरवलं की जन्मदाखल्यात असेल तेच नाव वापरायचं. शुद्धलेखन तेव्हा सुधारलं नाही, होतं तसं गोठलं.

समुद्रापार मात्र पुन्हा सैल झालं. क्युबेकमध्ये लफेव्र आजही पुष्कळ, कारण सतराव्या शतकातले स्थलांतरित मोठ्या संख्येने उत्तर-पश्चिम फ्रान्सचे. धर्मछळातून पळालेले प्रोटेस्टंट लफेव्र १६७७ च्या सुमारास न्यूयॉर्क प्रांतात न्यू पॉल्ट्झ वसवणाऱ्यांत होते. आणि क्युबेकहून अमेरिकेत गिरणीकामाला गेलेल्यांपैकी काहींचं झालं ‘बीन’! ‘ला फेव्ह’ म्हणजे घेवड्याची शेंग, असं समजून कुणीतरी सरळ भाषांतर केलं. प्रश्नकर्त्या ताई, तुमच्या तापापेक्षा ही चूक मोठी, आणि ती नोंदवहीत गेली. लिंगाचा नियम तिथे कुणी तपासला नाही.

मूळ प्रश्नकर्ती

शेवटचं. देवनागरीत काय लिहू? ‘व’ की ‘व्ह’?

प्रतिसाद

इंग्रजी शब्दांच्या सवयीने ‘व्ह’ सुचतो, पण ‘व्ह्र’ हे जोडाक्षर छापखान्यात नेहमी मोडतं आणि वाचणारा मधे ‘ह’ काढतो. ‘लफेव्र’ लिहा. ‘ले’ नको, तो स्वर आपल्या ‘अ’सारखा आहे, इथे देवनागरी रोमनपेक्षा प्रामाणिक ठरते. आणि ‘ब’ अजिबात नको.

मूळ प्रश्नकर्ती

लेखात सतरा ठिकाणी बदललं. मथळ्यात मात्र ‘लेफेब्व्रे’च आहे, चित्रकाराने अक्षरं हाताने काढलीत आणि फार सुंदर काढलीत.

प्रतिसाद

राहू द्या. त्या कारकुनांचं अक्षरही सुंदरच होतं.