भरतीची तयारी सुरू केली अन् सर्दी-खोकला पाठच सोडंना

परभणीचा पळपुट्या:
१६०० मीटरसाठी रोज पहाटे ५ ला पळायलोय, तीन महिन्यात तिसऱ्यांदा घसा धरला. आई म्हणते निवांत होतास तवा शिंकत पण नव्हतास. व्यायामानं तब्येत सुधरायला पाहिजे ना राव, हे उलटं कसं?

लातूरकर:
बसल्या जागी आपण मिनिटाला ६-८ लिटर हवा घेतो, जोरात पळताना ती १०० च्या वर जाते अन् ती पण तोंडानं, म्हणजे नाकाची गाळणी बायपास. थंडी, धूळ सगळं डायरेक्ट आत, श्वासनळी कोरडी पडते.

बीडची ताई:
१९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर आठवड्यात पळालेल्यांतले जवळपास १३ टक्के आजारी पडले, न पळालेल्यांत २ च्या आसपास. पण ते ४२ किमी होतं भाऊ, तुझं काय! झोप किती घेतोस? अन् रूमवर पाण्याची बाटली एकच का?

परभणीचा पळपुट्या:
५ तास 😅 बाटली एकच, आठ जणांत

लातूरकर:
घ्या! पण ताप नसताना दरवेळी पळून झाल्यावरच खोकला येत असल, छातीत शिट्टी वाजत असल तर दम्यासाठी डॉक्टरला दाखव, खेळाडूंत लई जणांना असतो.