मदत हवी आहे: बाळाच्या शीचे नमुने संशोधनाला द्यावेत का?

अवनी_क: नुकतीच मुलगी झाली. नाळेतल्या रक्ताच्या तपासणीत टाइप १ डायबिटीसचा धोका जास्त निघाला. संशोधनवाले म्हणतायत, दर महिन्याला डायपरमधली शी डबीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. अधूनमधून रक्तही घेणार. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला सुया नकोत. सोमवारी उत्तर द्यायचंय, प्लीज लवकर सांगा.

रानजाई: कुठे राहता? जन्मल्याबरोबर ही तपासणी आपल्याकडे कोण करतं? घरात कुणाला टाइप १ आहे का?

दत्तामामा: माझ्या वडिलांची शुगर रोज तासभर चालून आणि भात सोडून ताब्यात आली.

रानजाई: मामा, ते टाइप २. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. भाताचा काय संबंध?

अवनी_क: फिनलंड, तांपेरे. घरात कुणालाच नाही.

उत्तरध्रुव: मग बरोबर. टाइप १ चं प्रमाण जगात सर्वात जास्त तिथेच. तुर्कूत १९९४ पासून आणि पुढे औलू, तांपेरेमध्येही बाळं तपासतात. शेजारच्या रशियन करेलियात हा आजार कितीतरी कमी, म्हणून आतड्यातल्या जंतूंचा शोध सुरू झाला. २०१६ मध्ये फिनलंड, एस्टोनिया आणि करेलियातल्या २२२ बाळांचा अभ्यास आला. पहिल्या दोन देशांत बॅक्टेरॉइडीस जंतू जास्त सापडले. ई. कोलाय या आतड्यातल्या दुसऱ्या जंतूच्या आवरणातला घटक प्रतिकारशक्तीला जागं करतो, बॅक्टेरॉइडीसचा तसं करत नाही. त्यामुळे तिथे प्रतिकारशक्तीला लहानपणी नीट वळण लागत नसावं, असा अंदाज. हेच कारण, असं अजून सिद्ध नाही. म्हणूनच नमुने हवेत. द्याच.

शतावरी: प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंचे) थेंब आजच सुरू करा! टेडी या, टाइप १ चा धोका असलेल्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पहिल्या महिन्यात थेंब मिळालेल्या बाळांत धोका कमी दिसला होता.

उत्तरध्रुव: ते नुसतं निरीक्षण होतं, तेही ठरावीक जनुकं असलेल्या मुलांत. असं परस्पर औषध सांगू नका. अवनी, दिवस पूर्ण भरले होते का? अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबाबत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये इशारा दिलाय.

शतावरी: आमच्या दोघांना दिले, काही झालं नाही.

अवनी_क: पस्तिसाव्या आठवड्यात झाली. थेंब नाही देणार. पण रक्ताचं सांगा ना कुणीतरी.

माल्मोकर: आमचा मुलगा टेडीत होता. लहानपणी दर तीन महिन्यांनी रक्त घ्यायचे, आधी बधिर करणारं मलम लावून. रडायचा, पण थोडाच वेळ. नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं. सासूबाईंना एवढं सांगा: धोका असूनही बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. आणि झालाच, तर लक्ष ठेवलेली मुलं सहसा किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून जिवावर बेतणारी अवस्था) जाण्याआधीच सापडतात. आम्ही तेवढ्यासाठी हो म्हटलं होतं.