गिझर बंद असतानाही नळाला झिणझिण्या : दोष कुठे शोधावा?

तिसरा_मजला :
आमची इमारत ठाण्यातील असून १९८६ साली बांधलेली आहे. गेल्या पंधरा दिवसांपासून न्हाणीघरातील स्टीलच्या नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. माझी आई ७६ वर्षांची आहे. हाताला मुंग्या येतात त्या संधिवातानेच, असे समजून ती आठवडाभर काही बोललीच नाही. वायरमनने नळाला टेस्टर लावला तेव्हा तो मंद पेटला, आणि गिझरच खराब आहे असे सांगून त्याने नवा गिझर बसवून दिला. तरीही त्रास थांबला नाही. काल गिझरचा खटका बंद होता, प्लगही काढून ठेवला होता, तरी टेस्टर पेटलाच. घरात सहा एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारे खटके) आहेत आणि त्यांपैकी एकही कधी पडलेला नाही. एमसीबी पडत नाही, त्या अर्थी गळती किरकोळ आहे, असे मानावे काय?

फेज_न्यूट्रल :
नाही, मुळीच मानू नये. मी तीस वर्षांहून अधिक काळ कारखान्यातील विद्युत देखभालीचे काम केले आहे आणि हा गैरसमज मला शिकलेल्या लोकांतच जास्त आढळला. एमसीबी हा वायर तापून जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह गेल्याशिवाय पडत नाही. माणसाच्या जिवाला मात्र ३० मिलिअँपिअर, म्हणजे त्याच्या पाचशेव्या हिश्शाहूनही कमी प्रवाह धोक्याचा ठरू शकतो. तेव्हा दोष सापडेपर्यंत त्या न्हाणीघरात कोणीही आंघोळ करू नये. शेजारी किंवा नातेवाइकांकडे सोय करावी.

आता तपासणी. घराचा मेन स्विच पाडावा, इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा आणि मग जाणत्या वायरमनकडून नळ पुन्हा तपासून घ्यावा. हाताने चाचपून पाहू नये. घरातील सगळी वीज बंद असतानाही नळात वीज आढळली, तर ती तुमच्या घरातील नाही, हे स्पष्ट होईल. जुन्या इमारतींत अनेकदा अर्थिंगची, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी, वायर सरळ पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधून मोकळे होत असत. पाइप जमिनीत गेलेला असल्यामुळे ते चालूनही जाई. तुमच्या सोसायटीत पाण्याची लाइन अलीकडे बदलली आहे काय, ते विचारावे.

सह्याद्री_वारा :
आमच्याकडेही हाच त्रास होता. अर्थिंग नव्हतेच, म्हणून वायरमनने गिझरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणि अर्थ यांच्यामध्ये वायरचा एक तुकडा जोडून दिला. त्या दिवसापासून झिणझिणी पूर्ण बंद झाली आणि खर्चही जवळजवळ काही आला नाही. तुम्हीही करून पाहावे.

फेज_न्यूट्रल :
सह्याद्री_वारा यांना विनंती आहे की तो तुकडा आजच काढून टाकावा. झिणझिणी थांबली, याचे कारण गिझरचे धातूचे अंग आता न्यूट्रलला बांधले गेले आहे. ज्या दिवशी बोर्डातील न्यूट्रलचा एखादा स्क्रू सैल होऊन वायर सुटेल, त्या दिवशी गिझरच्या कॉइलमधून आलेली वीज त्याच तुकड्यातून गिझरच्या अंगावर येईल. गिझर चालणार नाही, कोणताही खटका पडणार नाही, आणि नळाला २३० व्होल्ट असतील. मीटरजवळच्या दुरुस्तीत फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर वायर सुटण्याचीही गरज नाही. अर्थिंग म्हणजे प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटपासून इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत सलग गेलेली स्वतंत्र हिरवी वायर. दुसरे काही नाही.

आणि ती वायर असली तरी तेवढ्याने भागत नाही. कोळसा-मीठ घातलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. समजा त्याचा रोध २० ओहम झाला, तर २३० व्होल्टला त्यातून साधारण साडेअकरा अँपिअरच वाहतील आणि १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तितकीच परत आली की नाही, एवढेच तो पाहतो, आणि फरक पडला की क्षणात पुरवठा तोडतो. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला मात्र तो वाचवू शकत नाही, कारण तेव्हा त्याच्या दृष्टीने फरक पडलेलाच नसतो.

तिसरा_मजला :
मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद ठेवून तपासले. टेस्टर तरीही पेटला. दोन वर्षांपूर्वी सोसायटीने गंजलेल्या पाइपचा तळमजल्याकडील भाग काढून तिथे प्लॅस्टिकचा पाइप टाकला होता, वरचा लोखंडी भाग तसाच ठेवला होता. आमच्या वरच्या घरातील अर्थिंगची वायर त्याच पाइपला तारेने गुंडाळलेली निघाली. त्यांच्या गिझरची कॉइल बोअरवेलच्या क्षाराने चिरली होती. गळणारी वीज जमिनीत जाण्याची वाट बंद झाल्यामुळे ती पाइपमध्येच राहत होती आणि ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसातून वाट काढत होती. आमचा जुना गिझर निर्दोष होता; तो भंगारात गेला ते गेलाच.

वरच्या घरी आता कॉइल बदलली आहे, दोन्ही घरांना हिरवी वायर ओढून घेतली आहे आणि आमच्याकडे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे. आता अडचण एवढीच, की इन्व्हर्टरवरचा बैठकीच्या खोलीतील पंखा लावला की आरसीसीबी पडतो. वायरमन म्हणतो, आरसीसीबी काढून टाका.

ओलावा :
काढू नका, जोडणी चुकली आहे. इन्व्हर्टरला जाणारा फेज आरसीसीबीच्या आधी घेतला असावा आणि त्या पंख्याचा न्यूट्रल आरसीसीबीनंतरच्या पट्टीवर जोडला असावा, त्यामुळे जाणारी आणि येणारी वीज जुळत नाही. आमच्याकडे हेच झाले होते. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल वेगळा काढून घ्या आणि त्या लाइनवर स्वतंत्र आरसीसीबी बसवा, अन्यथा तेवढ्या बोर्डांना काहीच संरक्षण राहणार नाही. आरसीसीबीवरचे टी लिहिलेले चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे; ते दाबल्यावर आरसीसीबी पडला नाही, तर तो बदलावा.

आणि मेन स्विच पाडल्यानंतरही इन्व्हर्टरच्या बोर्डात वीज असते, हे घरात येणाऱ्या प्रत्येक वायरमनला आधी सांगावे. आमच्याकडे ते सांगायचे राहिले, आणि तो स्टुलावरून पडला.