मदत हवी आहे: ब्राउन एलला रंग चढतो, पण खमंगपणा येत नाही

नमस्कार मंडळी,

सॅम्युएल स्मिथची नट ब्राउन एल (एल म्हणजे बिअरचा एक प्रकार) ज्यांनी प्यायली असेल त्यांना माझं दुखणं लगेच कळेल. इंग्लंडमधल्या टॅडकॅस्टरची ही ब्रुअरी १७५८ सालची. आजही त्यांची एल दगडी पाटीच्या चौकोनी टाक्यांत, म्हणजे 'यॉर्कशायर स्क्वेअर'मध्ये आंबते. अल्कोहोल ५ टक्के, रंग तांबूस तपकिरी. पहिल्या घोटाला भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा येतो, मग थोडी टॉफी, आणि शेवट अगदी हलका कडवट. पोटभर गप्पा होतात पण जीभ थकत नाही. काळ्याभोर स्टाउट बिअरचा दणका नको आणि फिकट लागरचा सपकपणाही नको असला की माझा हात हिच्याकडेच जातो.

हुबेहूब नक्कल करायचा अट्टहास नाही. घरी त्या जातकुळीची एक एल जमावी एवढीच इच्छा आहे. पेल (फिकट) एल आणि पोर्टर ही गडद बिअर माझ्याकडून बऱ्या होतात. ब्राउन मात्र दर वेळी त्याच दोन तक्रारी घेऊन येते: मधे पाणचट, आणि शेवटी जळकट-आंबट ओरखडा. थंड झालेल्या काळ्या कॉफीत पाणी ओतल्यासारखी. रंग मात्र फोटो काढण्याजोगा!

ताज्या बॅचचा तपशील देतो, २० लिटरसाठी:

पेल माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली (मॅरिस ऑटर जातीची) ४ किलो, क्रिस्टल माल्ट (६० लव्हिबाँड, हे माल्टच्या रंगाचं माप) ४०० ग्रॅम, चॉकलेट माल्ट २५० ग्रॅम. सगळं एकत्र, ६५ अंशांवर तासभर मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवण. पाणी आरओचं, मॅशच्या १५ लिटरमध्ये ५ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट). ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), बहुतेक सगळे उकळीच्या सुरुवातीला, हिशेबाने २८ आयबीयू (कडवटपणाचं माप). यीस्ट यूएस-०५, १९ अंशांवर. ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०४९, एफजी (आंबून झाल्यावरची) १.००९. बाटल्या भरताना १५० ग्रॅम साखर. चव पाहिली ती बाटल्यांत दोन आठवडे झाल्यावर.

संसर्ग नाही याची खात्री आहे. वास स्वच्छ आहे, बाटल्या उसळत नाहीत, एफजी स्थिर होता. मग हे नेमकं कुठे बिघडतंय? चॉकलेट माल्ट वाढवू का, म्हणजे 'नट' येईल?

प्रतिसाद

अहो वाढवताय कुठे, आधी निम्म्यावर आणा!

चॉकलेट माल्टचं नाव गोड आहे, काम नाही. साधारण ४०० लव्हिबाँडचा असतो तो. त्यातून कॉफी आणि कडू कोको येतो, दाण्याचा खमंगपणा नाही. तुमच्या आकड्यांवरून रंग २४ एसआरएमच्या (बिअरच्या रंगाचं माप) आसपास येतोय. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या चौकटीत ब्रिटिश ब्राउन एल १२ ते २२ मध्ये बसते. म्हणजे तुम्ही पोर्टरच्या उंबरठ्यावर उभे आहात, आणि जे पोर्टरमध्ये शोभतं ते इथे टोचतंय.

खमंगपणा मधल्या भाजणीच्या माल्टमधून येतो: ब्राउन माल्ट, अंबर माल्ट, बिस्किट, व्हिक्टरी. साधारण २५ ते ७० लव्हिबाँडचा हा पट्टा. पावाच्या कडेची, शेंगदाण्याच्या सालीची जी चव आपण म्हणतो ती तिथली. तुमच्या कृतीत हा पट्टा पूर्ण रिकामा आहे. फिकट माल्टवरून थेट काळ्यावर उडी.

मी असं करेन: पेल ४ किलो, क्रिस्टल तेवढाच ४०० ग्रॅम, ब्राउन माल्ट २५० ग्रॅम, आणि चॉकलेटऐवजी पेल चॉकलेट (साधारण २०० लव्हिबाँड) १५० ग्रॅम. रंग १७ एसआरएमच्या आसपास येईल. पेल चॉकलेट मिळत नसेल तर नेहमीचा चॉकलेट ७५ ग्रॅम, त्यावर नको.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण ओरखड्याचं मूळ पाण्यात आहे असं मला वाटतं.

भाजलेला माल्ट आम्लधर्मी असतो. पाण्यात बायकार्बोनेट असेल तर तो ते आम्ल शोषतो. आरओच्या पाण्यात तो जवळजवळ नसतोच. त्यावर तुम्ही जिप्सम घातलंत. त्यातलं कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळून पीएच आणखी खाली ओढतं, आणि सल्फेट कडवटपणाला कोरडी धार लावतं. फिकट, हॉप्सवाल्या पेल एलमध्ये हे हवंच असतं. म्हणून तुमची पेल एल चांगली होते. तेच पाणी ब्राउनला लावलं की शेवट आंबट-जळकट येणारच.

मॅशचा पीएच मोजला होता का?

धागालेखक

पट्टीने पाहिला होता, पण खरं सांगायचं तर त्या तपकिरी रसात पट्टीचा रंग मलाच काय, कोणालाही कळला नसता. ५.२ ते ५.३ असा अंदाज. मीटर नाही.

आणि पोर्टरलाही हेच पाणी वापरतो, ती का बरी लागते?

प्रतिसाद

पोर्टरचं अंग जाड. जास्त गोडवा, जास्त माल्ट, तुमच्या पोर्टरचा एफजी बहुधा १.०१४ च्या वर असेल. तिथे तीच धार झाकली जाते. ब्राउन एलला लपायला जागा नसते.

पट्टीचा नाद सोडा. मीटर घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा, नमुना खोलीच्या तापमानाला आणून मोजायचा. गरम मॅशमध्ये आकडा ०.२ ते ०.३ ने खाली दिसतो आणि लोक त्यावरून भांडत बसतात. थंड नमुन्यात ५.४ ते ५.५ हे ब्राउनसाठी चांगलं ठिकाण.

पुढच्या खेपेला जिप्सम पूर्ण बंद. १५ लिटरला ४ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (खाण्याच्या दर्जाचं). त्यातून क्लोराइड साधारण १३० मिग्रॅ प्रति लिटर मिळतं, त्याने माल्ट गोलसर लागतो. पीएच तरीही खाली वाटला तर खाण्याचा सोडा २ ग्रॅम. एवढ्याने पीएच अंदाजे ०.१ ते ०.१५ ने वर जाईल. पण सोडा आंधळेपणाने टाकू नका. जास्त झाला तर एल सपक आणि खारट लागते, आणि मग तुम्ही इथे दुसरा धागा काढाल.

प्रतिसाद

सोड्याच्या भानगडीत न पडता एक सोपा मार्ग आहे. गडद माल्ट वेगळा दळून ठेवा आणि मॅशच्या शेवटच्या १५ मिनिटांत वरून पसरा. रंग आणि चव उतरते, कडू-तुरट अंश कमी उतरतो, आणि मुख्य मॅश फिकट माल्टच्याच पीएचवर चालतो. मी माझ्या सगळ्या गडद एल अशाच करतो. ब्राउन माल्ट मात्र सुरुवातीपासूनच घाला, त्यातल्या स्टार्चला एन्झाइम मिळायला हवेत.

प्रतिसाद

नट ब्राउन म्हणजे नट हवेतच की. भाजलेले हेझलनट कुटून दुसऱ्या फर्मेंटरमध्ये टाका, विषय संपला.

प्रतिसाद

विषय नाही, फेस संपेल. दाण्यातलं तेल फेसाचा शत्रू, आणि ते तेल काही महिन्यांत खवट होतं ते वेगळंच. धागालेखकाला आवडणाऱ्या एलमध्ये दाणे नाहीत, ते नाव चवीवरून आणि रंगावरून आलेलं आहे. शिवाय ज्याला दाण्यांची ॲलर्जी आहे त्याला न सांगता असा ग्लास पुढे करणं धोक्याचं. हौस असेल तर अर्क वापरतात, पण तो प्रकार वेगळा. इथे तो मार्ग नको.

प्रतिसाद

माल्ट आणि पाण्यावर सगळे बोलले, यीस्टला कोणी हात लावला नाही!

१.०४९ वरून १.००९, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर साखर फस्त. यूएस-०५ चा स्वभावच तो: स्वच्छ, तटस्थ, आणि ताट चाटून पुसून खाणारा. त्यात मॅश ६५ अंशांवर, म्हणजे त्याला हवी तशी मोडलेली साखर तुम्हीच वाढून दिली. पाणचटपणा इथून आलाय. आणि इंग्लिश एलमध्ये मागे जो हलका फळांचा वास असतो तोही हे यीस्ट देत नाही.

एस-०४ हे इंग्लिश एलचं यीस्ट घ्या आणि मॅश ६७-६८ वर न्या. एफजी १.०१२-१.०१३ ला थांबेल. लालमंड कंपनीचं लंडन यीस्टही चांगलं, पण ते माल्टोट्रायोज ही साखर खात नाही, त्यामुळे एफजी आणखी वर राहतो. ते वापरलंत तर मॅश ६६ च्या वर नेऊ नका, नाहीतर चिकट होईल. कुठलंही घ्या, १८-१९ ला सुरू करा आणि शेवटचे दोन-तीन दिवस २०-२१ ला जाऊ द्या, म्हणजे लोण्यासारखा वास यीस्ट स्वतःच आवरून घेईल.

अजून एक. २० लिटरला १५० ग्रॅम साखर म्हणजे सुमारे २.७ व्हॉल्यूम कार्बोनेशन (बिअरच्या आकारमानाच्या तेवढा पट वायू). ब्राउन एलला हे फारच झालं. विरघळलेला वायू स्वतः आम्लाचा चटका देतो आणि अंग पातळ भासवतो. १०० ग्रॅम पुरे, २.१ च्या आसपास येईल.

धागालेखक

बाप रे, प्रत्येक पायरीवर काहीतरी आहे! मनापासून आभार. पण मग सगळं एकदम बदललं तर कशाने सुधारलं ते कळणार कसं? एकेक बदलत गेलो तर वर्ष जाईल.

प्रतिसाद

पुढची बॅच लागेपर्यंत थांबायची गरज नाही. आत्ता ज्या बाटल्या आहेत त्यावरच तपासून पाहा.

१०० मिली पाण्यात १ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड विरघळवा. २०० मिलीच्या ग्लासमध्ये त्यातले २ मिली सिरिंजने घाला, साधारण १०० मिग्रॅ प्रति लिटर होतं. शेजारी कोरा ग्लास ठेवा. तिसऱ्या ग्लासमध्ये असंच सोड्याचं पाणी १ मिली. चौथा ग्लास चमच्याने ढवळून वायू बराचसा घालवा. कोणता कुठला ते दुसऱ्याला माहीत असू द्या, तुम्ही फक्त चाखा. कुठल्या ग्लासमध्ये ओरखडा कमी होतोय त्यावरून दोष कुठे ते बऱ्यापैकी कळतं. मॅशमध्ये जे घडतं ते ग्लासमध्ये तंतोतंत घडत नाही हे मान्य, पण दिशा मिळते.

धागालेखक

करून पाहिलं. चाखताना कुठला ग्लास कुठला ते मला माहीत नव्हतं.

ढवळून वायू घालवलेला ग्लास सगळ्यात जास्त बदलला, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. आंबट चटका जवळजवळ गेला. क्लोराइडवाला मधे भरीव लागला, पण जळकट शेपूट तशीच. सोड्यावाला किंचित मऊ, पण एक बोथट चव आली, ती आवडली नाही. आणि पाणचटपणा चारही ग्लासांत कायम.

म्हणजे माझा अर्थ असा: चटका वायूचा आणि पाण्याचा, जळकट चव चॉकलेट माल्टची, पाणचटपणा यीस्ट आणि मॅशचा. बरोबर?

प्रतिसाद

बरोबर. मग सोडा विसरा. क्लोराइड, कमी साखर, माल्टचा नवा मेळ, एस-०४, मॅश ६७. चॉकलेट शेवटच्या १५ मिनिटांत. हॉप्सला हात लावू नका, फक्त २८ ऐवजी २४-२५ आयबीयू करा, कारण ब्रिटिश ब्राउन २० ते ३० मध्येच खेळते आणि तुम्हाला मऊ शेवट हवाय.

आणि दोन आठवड्यांत निकाल लावू नका. भाजलेल्या माल्टची धार पाच-सहा आठवड्यांत बरीच बसते.

प्रतिसाद

थोडं अवांतर. ब्राउन एल म्हटलं की बहुतेकांना न्यूकॅसल शहराच्या नावाची ब्राउन एल आठवते. १९२७ साली ती बाजारात आली. युरोपीय संघाने तिला भौगोलिक नावाचं संरक्षण दिलं होतं, पण उत्पादन शहराबाहेर हलवायचं ठरल्यावर ते सोडावं लागलं. २०१० मध्ये ती जिथे गेली ते गाव म्हणजे टॅडकॅस्टरच! नावाच्या शहराची ब्राउन एल दुसऱ्याच गावात, आणि तेही सॅम्युएल स्मिथच्या शेजारी. मला याची गंमत वाटते. चालू द्या.

धागालेखक

हे माहीत नव्हतं, भारी!

एक शेवटचा प्रश्न. माझ्याकडे पारदर्शक बाटल्या बऱ्याच साठल्यात. चालतील का? रंग छान दिसतो त्यात.

प्रतिसाद

खोक्यात झाकून, अंधारात ठेवणार असाल तर चालतील. प्रकाश, विशेषतः निळा आणि अतिनील, हॉप्समधल्या कडू घटकांना तोडतो आणि त्यातून स्कंक या प्राण्यासारखा घाण वास तयार होतो. ऊन लागलं तर काही मिनिटांतही येतो. गडद एल आहे म्हणून वाचेल असं समजू नका. तपकिरी बाटल्या असतील तर आधी त्या भरा, उरलेली पारदर्शकमध्ये आणि ती आधी संपवा.

धागालेखक

ठीक. ब्राउन माल्ट आणि एस-०४ मागवलंय. बाटल्या उघडल्या की इथेच लिहितो, आकड्यांसकट.