मदत हवी आहे: ३५० क्युबिक इंचाचं इंजिन ३८३ चं करतोय, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कुठला घेऊ?

नमस्कार मंडळी. मिशिगनमध्ये राहतो, गॅरेजमध्ये १९६९ ची कॅमेरो आहे. तिचं शेवरोले ३५० इंजिन उघडलंय, कारण फ्लॅट टॅपेट कॅमचा (यावर सपाट तळाचे लिफ्टर घासत चालतात) एक लोब, म्हणजे उंचवटा, पार घासून गेला. ऑइल फिल्टर कापून पाहिला तर घड्यांमध्ये नुसता चंदेरी चुरा, रांगोळीवर भुरभुरवतात तसा. (झीज रोखणारं झिंक कमी असलेलं साधं तेल घालून चालवत होतो. चूक माझीच.)

उघडलंच आहे तर ३८३ करून टाकू म्हटलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०३० इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.४८ वरून ३.७५. क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) चाचणीपुरता कोरडा बसवून हाताने फिरवला तर पिस्टनच्या दोन रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला अडतात. तिथे ग्राइंड करावं लागतं हे माहीत आहे, मी ०.०६० इंच फट धरतोय. पुरेल ना? जास्त घासलं तर पाण्याच्या जागेत भोक पडायचं, हीच धास्ती.

खरा घोळ कॅमचा. हेड अ‍ॅल्युमिनियमचे, कॉम्प्रेशन १०:१, पेट्रोल ९३ ऑक्टेन. आता हायड्रॉलिक रोलर कॅमच (लिफ्टरला चाक असलेला) घालणार. ब्लॉक जुना, म्हणून रेट्रोफिट (जुन्या ब्लॉकला बसणारे) लिफ्टर लागतील, खिशाला चटका बसेल, बसू दे. पण ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो, लिफ्टर ०.०५० इंच उचलल्यावर मोजलेलं) २२४ घेऊ की २३६? मोठ्या कॅमची आयडलची धडधड मला फार आवडते, पण ब्रेक पॉवरचे आहेत, इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारे; मोठ्या कॅमने तो पडला तर सिग्नलला पाय दाबत बसायचं. गिअरबॉक्स टीएच३५० ऑटोमॅटिक, त्याला इंजिनशी जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर अजून कंपनीचाच.

कुणी अशी गाडी रोज रस्त्यावर चालवतंय का? कन्व्हर्टरही बदलावा लागला का?